आधी थर्मामीटर, मग कूलर

कॉलेजच्या मॅगझिनमध्ये, तेही मराठी विभागात, गाडीच्या गिअरबॉक्सवर लेख कशाला? संपादक मंडळातल्या एका मित्राने हे विचारलंच. कविता दे म्हणाला, नाहीतर गॅदरिंगवर काहीतरी खुसखुशीत लिही. पण मित्रांनो, कवितांचा आपल्याकडे तुटवडा नाही. आणि हा प्रश्न मला ज्याने विचारला त्याला तो टाळता येण्यासारखा नव्हता.

विचारणारा आमचा चुलतभाऊ, राहणार विवळवेढे. डहाणू तालुक्यातलं हे गाव बऱ्याच जणांनी नाव माहीत नसताना पाहिलेलं असतं. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी नाक्याच्या पुढे महालक्ष्मीचं देऊळ लागतं ना, तेच. दादाचा डावा गुडघा एका अपघातानंतर नीट वाकत नाही. क्लच दाबणं संपलं, म्हणून त्याने मुंबईहून एक जुनी सात सीटची ऑटोमॅटिक गाडी घेतली. मागची सीट पाडायची, चिकूचे क्रेट भरायचे आणि जव्हारमार्गे नाशिककडे निघायचं, असा त्याचा हंगाम. गिअर कधीमधी झटका देऊन पडायला लागला तेव्हा हायवेवरच्या एका मिस्त्रीने सांगितलं, "भाऊ, बाहेरचा कूलर टाका आणि बिनधास्त चालवा." दादाचा मला फोन, "तू इंजिनिअरिंगला आहेस ना? सांग, टाकू का?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. कूलर ही उत्तम वस्तू आहे, पण तेल किती तापतं हे मोजल्याशिवाय ती बसवणं म्हणजे ताप न बघता गोळी देणं. आपल्याकडे सरसकट तेच चालतं, आणि त्याला गॅरेजवाल्यांपेक्षा आपणच जास्त जबाबदार आहोत.

आधी उष्णता येते कुठून ते बघू. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये लोखंडी सांधा नसतो, तेल असतं. इंजिनकडचा पंखा तेल फेकतो, ते तेल पलीकडचा पंखा फिरवतं. दोन्हींच्या वेगात जितका फरक, तितकी शक्ती तेलातच जिरते आणि तेल तापतं. हायवेला गाडी एका लयीत पळत असली की लॉक-अप क्लच लागतो, फरक संपतो, आणि तेल बऱ्यापैकी निवांत असतं. म्हणजे "गाडी लांब पळवली म्हणून गिअरबॉक्स तापला" हे बहुतेक वेळा खोटं. तो तापतो हळू चालताना, चढावर, ओझं घेऊन आणि चक्क उभं राहून!

उभं राहून कसा? हिशेब करा. इंजिन 700 आरपीएमवर, गाडी 'डी' मध्ये, पाय ब्रेकवर. कन्व्हर्टर समजा 20 न्यूटन-मीटर टॉर्क घेतोय. 700 आरपीएम म्हणजे सेकंदाला 73 रेडियन. गुणाकार साधारण दीड किलोवॅट. चाक फिरत नाही, म्हणजे ही सगळीच्या सगळी शक्ती तेलात. हॉस्टेलमधला दोन किलोवॅटचा गिझर आठवा (चालू असतो तेव्हाचा). आता घाट घ्या. इंजिन 20 किलोवॅट देतंय आणि लॉक-अप नसताना पाचवा हिस्सा वाया जातोय, तर चार किलोवॅट, म्हणजे दोन गिझर. तेल समजा सात लिटर, वजन सहा किलोच्या आसपास, विशिष्ट उष्मा किलोला दोन किलोज्यूल. उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरलं तर तापमान मिनिटाला 20 अंशांनी चढेल. प्रत्यक्षात लोखंड-ॲल्युमिनियमचं धूड बरीच उष्णता पितं, आणि रेडिएटरच्या टाकीत कंपनीने दिलेला छोटा कूलर असतोच, म्हणून इतकं होत नाही. पण आकडा कुठल्या घरातला आहे ते कळतं.

तेल साधारण 80 ते 95 अंशांत राहिलं तर गिअरबॉक्स खूश. 120 च्या वर सतत राहिलं तर ते काळं पडायला लागतं, सील कडक होतात. दहा अंश वाढले की तेल सडण्याचा वेग दुप्पट, हा ढोबळ नियम केमिस्ट्रीवाल्यांना पाठ असेल. कूलरच्या जाहिरातीत मात्र 'अमुक तापमानाला इतके हजार मैल' असा तक्ता छापतात तो गीतेसारखा मानू नका. तो जुन्या खनिज तेलांच्या जमान्यातला आहे. आजची तेलं वेगळी. जाता जाता एक गंमत : अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या तेलात देवमाशाचं तेल मिसळत असत, क्लचची पकड गुळगुळीत राहावी म्हणून! देवमाशाला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि तेलवाल्यांना नव्याने डोकं चालवावं लागलं. तेव्हा हे तेल म्हणजे नुसतं वंगण नव्हे. कुठलंही लाल तेल ओतून चालत नाही.

आता मुख्य मुद्दा. कूलर घ्यायचं कारण बहुतेक लोक सांगतात ते ट्रॅफिक जॅमचं. आमच्याकडे जॅमला तोटा नाही. चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस महालक्ष्मीची यात्रा, आणि 2024 मध्ये महामार्गाचं काँक्रीटीकरण चालू असताना तर यात्रा नसतानाही यात्राच होती. पण कूलर ही शेवटी एक जाळी. तिच्यातून वारा जाईल तेव्हा ती काम करणार. उभ्या गाडीला वारा कुठला? रेडिएटरच्या फॅनने ओढला तेवढाच. जाळी फॅनच्या टप्प्याबाहेर, बंपरच्या एका कोपऱ्यात लावली असेल तर तेवढाही नाही. म्हणजे ज्या जॅमसाठी हजारो रुपये घातले, तिथेच ती सगळ्यात कमी उपयोगी.

जॅमसाठीचा उपाय फुकट आहे. मिनिटभर तरी हलायचं नाही असं दिसलं की हँडब्रेक ओढा आणि 'एन' टाका. इंजिन चालूच, गिअरबॉक्सचा पंप चालूच, तेल रेडिएटरमधून फिरतंच. फक्त तो दीड किलोवॅटचा गिझर जवळपास बंद होतो. काही नव्या गाड्या हे आपोआप करतात. (घाट उतरताना मात्र 'एन' टाकू नये. तो शहाणपणा नव्हे, आत्मघात आहे.)

दादाच्या गाडीला आम्ही मिस्त्रीकडे न नेता आधी ओबीडी रीडर लावला. मोबाइलवर गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दिसतं. सगळ्या गाड्यांत दिसत नाही, याच्यात दिसलं. मनोरहून मेंढवणच्या खिंडीतून चारोटीपर्यंत आकडा जवळपास जागचा हलला नाही. यात्रेच्या गर्दीत 'डी' मध्ये उभं राहिलो तेव्हा हळूहळू चढत गेला, 'एन' टाकल्यावर थांबला आणि उतरला. आणि क्रेट भरून जव्हारचा घाट चढताना? तिथे तो असा चढला की दादाने स्वतःच गाडी बाजूला घेतली. शिवाय बंपर खोलला तेव्हा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत माती, पालापाचोळा आणि किड्यांची एक गोधडीच निघाली. तेल कधी बदललं होतं याचा आधीच्या मालकाकडून पत्ता नाही.

मग क्रम ठरला. जाळी साफ. तेल, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच, बदललं. झटके बरेच कमी झाले. घाटातला आकडा थोडा उतरला, पण समाधानकारक नाही, म्हणून कूलर घेतला. म्हणजे मिस्त्री शेवटी बरोबरच निघाला की, असं कुणी म्हणेल. निघाला, पण त्याच्या कूलरने साचलेली माती निघाली नसती आणि जुनं तेल नवं झालं नसतं.

बसवताना दादाला ज्या गोष्टींवर मी हटून बसलो त्या सांगतो, कारण चूक नेमकी इथे होते. कूलर ताटांच्या थराचा घ्यावा, नुसत्या वाकवलेल्या नळीचा नको. नळीत तेल मधोमध गरमच वाहत राहतं, थरांत ते घुसळलं जातं. जोडणी अशी की तेल आधी रेडिएटरच्या टाकीतून आणि मग नव्या कूलरमधून गिअरबॉक्सला परत जाईल. परतीची नळी कुठली हे अंदाजाने ठरवू नये, तापमान बघून ठरवावं. जाळी कंडेन्सरच्या पुढे, फॅनच्या ओढीत. पुढे 38 अंशांचा वारा मिळतो, कंडेन्सरच्या मागे तोच 55-60 चा झालेला असतो. 110 च्या तेलाला कुठला परवडेल हे एलएमटीडी पाठ करणाऱ्यांना सांगायला नको. एसी किंचित कमी गार होईल, ते सोसावं. किटबरोबर येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या रेडिएटरच्या पात्यांतून ओवून जाळी बांधतात, ते अजिबात करू देऊ नका. हादऱ्यांनी घासून रेडिएटरलाच भोक पडतं. पत्र्याच्या पट्ट्या करून चेसिसला बांधा. आणि पाइप गरम तेलासाठीचाच हवा, पाण्याचा किंवा पेट्रोलचा नको. क्लिप सुटली तर सगळं तेल रस्त्यावर, आणि मग कूलर नसलेला गिअरबॉक्स परवडला.

एक सूचना हॉस्टेलवर नवीन गाड्यांच्या गप्पा मारणाऱ्यांसाठी. ऑटोमॅटिक म्हटली की कूलर, असं नाही. 2014 साली सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेला एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच मोटर दाबते. त्यात थंड करायला तेलाचा फेराच नाही. कोरड्या क्लचच्या डीसीटीत जॅममध्ये तापतो तो क्लच, आणि तो तेलात नसतोच. तेलाचा कूलर त्याला काय करणार? सीव्हीटीला उपयोग होऊ शकतो, पण वॉरंटीतल्या गाडीची नळी कापण्याआधी कंपनीला लेखी विचारलेलं बरं.

आता जबाबदारी आपली म्हणालो ते का. मिस्त्रीकडे हातात चाळीस गाड्यांचा अनुभव असतो, थर्मोकपल नसतं. आपल्याकडे थर्मोकपल असतं, गाडी नसते. हीट ट्रान्सफरच्या लॅबमध्ये पॅरलल फ्लो, काउंटर फ्लो करून जर्नलला रीडिंग उतरवायची (बहुतेक मागच्या बॅचची) आणि सबमिशन संपलं की विसरायचं. फायनल इयरच्या प्रोजेक्टला दरवर्षी सायकलवर चालणारं वॉशिंग मशीन किंवा सोलर कुकर. त्यापेक्षा चारोटी नाक्यावरच्या दोन-तीन गॅरेजांशी बोलून दहा जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांचं तापमान घाटात, जॅममध्ये आणि हायवेवर मोजलं, कूलर लावण्याआधी आणि नंतर, तर तो आकड्यांचा कागद तिथल्या भिंतीवर लागेल आणि लोक तो वाचतील.

चार जणांचा ग्रुप पुरे. जाण्यायेण्याची आणि जेवणाची सोय विवळवेढ्याला आमच्या घरी होईल, चिकू वेगळे. के टाइपची थर्मोकपल्स हीट लॅबच्या डाव्या कपाटात खालच्या खणात आहेत. किल्ली लॅब असिस्टंट काकांकडे असते. त्यांना साडेचारच्या आत गाठावं लागतं.