गणिताचा गृहपाठ मोबाईलवर सुटतो, मग परीक्षेत का अडतो?

संध्याकाळचे साडेसात. करी रोडच्या एखाद्या चाळीतली खोली. एका कोपऱ्यात कुकरच्या शिट्ट्या, दुसऱ्या कोपऱ्यात टीव्हीवरची मालिका आणि मधल्या जागेत वही उघडून बसलेलं सातवीतलं मूल. समोर गणित आहे: ५०० रुपयांच्या वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढली, नंतर २० टक्क्यांनी कमी झाली. आता किंमत किती?

आई म्हणते, "वाढली तेवढीच कमी झाली, म्हणजे ५०० च की!" बाबा अजून कामावरून आलेले नाहीत. मग मूल मोबाईल उचलतं, फोटो काढतं आणि दोन सेकंदांत पायऱ्यांसकट उत्तर मिळतं: ४८० रुपये. ते वहीत उतरतं आणि गृहपाठ संपतो.

पण गणित समजलं का? आज हा प्रश्न घरोघरी आहे. त्यावर जगभरात झालेल्या अभ्यासांतून काही ठोस गोष्टी समोर आल्या आहेत.

एआयनं गृहपाठ केला तर काय होतं?

तुर्कस्तानमधल्या एका शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर याचा प्रयोग झाला. तो २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एका गटाकडे फक्त वही-पुस्तक होतं. दुसऱ्याकडे नेहमीच्या चॅटजीपीटीसारखं साधन होतं. तिसऱ्याला असं साधन दिलं, जे थेट उत्तर न देता शिक्षकांनी तयार केलेल्या सूचना देत पुढे नेईल.

सराव करताना चित्र झकास होतं. दुसऱ्या गटाची कामगिरी ४८ टक्क्यांनी, तर तिसऱ्याची तब्बल १२७ टक्क्यांनी सुधारली.

नंतर साधन काढून घेऊन परीक्षा घेतली. तेव्हा थेट उत्तर मिळवणाऱ्या गटाला वही-पुस्तकवाल्या गटापेक्षा १७ टक्के कमी गुण पडले. सूचना घेत शिकलेल्या गटाचं असं नुकसान झालं नाही. त्यांचे गुण साधारण वही-पुस्तकवाल्यांइतकेच होते.

म्हणजे मदत घेतल्यानं नुकसान होत नाही. मदत उत्तर हातात ठेवते की विचार करायला लावते, यावर सगळं अवलंबून आहे. हे मोबाईलला लागू पडतं, तसंच क्लासच्या सरांना आणि घरातल्या मोठ्यांनाही.

मग घरचे मदत का करू शकत नाहीत?

इथे भाषेची अडचण येते. आजचे अनेक पालक मराठी माध्यमात शिकले. त्यांनी लसावि, मसावि आणि त्रैराशिक केलं. मुलं सेमी-इंग्रजीत किंवा इंग्रजी माध्यमात आहेत. त्यांच्या वहीत एलसीएम आणि एचसीएफ असतं. गणित तेच असतं, पण नाव बदललं की पालकांना वाटतं, आपल्याला हे येतच नाही.

पद्धतीही बदलल्या. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असं संख्यावाचन आलं आणि राज्यभर वाद पेटला. विधानसभेतही त्यावरून टोलेबाजी झाली. गणित समितीच्या अध्यक्ष, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्यामागचा विचार मांडला होता. मराठीत 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी येतो, लिहिताना मात्र सहा आधी. त्यात जोडाक्षरांची भर. लहान मुलं इथेच अडखळतात. हा बदल पटो न पटो, घरी शिकवणाऱ्याची रीत आणि पुस्तकाची रीत वेगळी झाली की मूल गोंधळतं, हे त्या वादातून दिसलं.

उरतो क्लास. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०२५ च्या शिक्षणविषयक पाहणीनुसार देशातले सुमारे २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेतात. शहरांत हे प्रमाण ३०.७ टक्के आहे. म्हणजे शहरातसुद्धा दहांपैकी जवळपास सात मुलं शिकवणीविना आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. त्यामुळे ज्याला फी परवडत नाही आणि ज्याच्या घरी सांगणारं कोणी नाही, त्याच्यासाठी मोबाईल हाच मास्तर ठरतो.

बाजारात येतं, वहीत का येत नाही?

दुसरा एक अभ्यास फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. नोबेलविजेते अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे त्याच्या लेखकांमध्ये आहेत. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांना त्यांनी तपासलं. ही मुलं गिऱ्हाईकाचा अवघड हिशोब तोंडी करत होती, पण त्याच तोडीचं वहीतलं गणित आलं की अडत होती. बाजारात काम न करणाऱ्या ४७१ शाळकरी मुलांचं उलटं होतं. वहीतलं गणित त्यांना तुलनेनं बरं जमत होतं, पण बाजारातला हिशोब जमत नव्हता.

करी रोडहून लालबागची मसाला गल्ली चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे २४० रुपये किलोची मिरची पाऊण किलो घ्यायची असेल, तर अनेक आया क्षणात सांगतील: अर्ध्याचे १२०, पावाचे ६०, झाले १८०. पुस्तकात हेच '२४० गुणिले तीन छेद चार' असं येतं. हा पूल बांधून देणं घरच्यांना जमू शकतं. आधी तोंडी हिशोब करायला सांगायचा, मग विचारायचं, "आता तू जे केलंस ते वहीत कसं लिहिशील?"

मदत करायची कशी?

पुन्हा त्या ५०० रुपयांच्या गणिताकडे येऊ. उत्तर न सांगता फक्त तीन प्रश्न विचारता येतात.

पहिला: "वाढल्यावर किंमत किती झाली?" ५०० चे २० टक्के १००, म्हणून ६००.

दुसरा: "आता २० टक्के कमी करायचेत, पण कशाचे? ५०० चे की ६०० चे?" सगळी गोम इथे आहे. मूल इथे थांबलं, तर थांबू द्यावं.

तिसरा: "मग किती राहिले?" ६०० चे २० टक्के १२०, म्हणून ४८०.

यासाठी मोठ्या माणसाला उत्तर आधीपासून माहीत असायलाच हवं असं नाही. "हे तू कसं केलंस, मला समजाव" एवढं म्हटलं तरी मूल मोठ्यानं विचार करायला लागतं आणि चूक बऱ्याचदा त्यालाच सापडते. मोबाईलला विचारतानाही 'उत्तर सांगू नकोस, फक्त पुढची एक पायरी सुचव' असं सांगता येतं. उत्तर मिळालंच, तर वही झाकून तेच गणित आकडे बदलून पुन्हा करायचं. जमलं, तर समजलं.

वेळेचंही भान हवं. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास आणि सहावी ते आठवीला रोज जास्तीत जास्त एक तास असावा. एकाच गणितावर दीड तास रडारड होत असेल, तर वही मिटावी आणि दुसऱ्या दिवशी शाळेत विचारावं.

हे फक्त घरच्यांचं काम आहे का?

नाही. या भागाला ते जुनं ठाऊक आहे. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं चालवली. करी रोडजवळून जाणाऱ्या डिलाईल रोडला आज त्यांचंच नाव आहे.

नव्वदच्या दशकात 'प्रथम' संस्थेनं मुंबईत 'बालसखी' उपक्रम सुरू केला. वस्तीतलीच, शालेय शिक्षण पूर्ण केलेली तरुणी मागे पडलेल्या १५-२० मुलांना रोज दोन तास शिकवायची. मुंबई आणि वडोदऱ्यात त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला आणि मुलांच्या गुणांत स्पष्ट सुधारणा दिसली. ही बालसखी गणितातली तज्ज्ञ नव्हती. पण मूल नेमकं कुठे अडलंय, हे बघायला तिच्याकडे वेळ होता.

करी रोड-लालबागमध्ये आजही मंडळं आहेत, अभ्यासिका आहेत, कॉलेजात जाणारे ताई-दादा आहेत. अभ्यासिकेत बसायला जागा आणि शांतता मिळते. तिथे संध्याकाळी तासभर "कुठे अडलास?" असं विचारणारं एक माणूस बसलं, तर ज्या घरात सांगणारं कोणी नाही, तिथल्या मुलाला मोबाईलशिवाय दुसरा आधार मिळेल.