वजनाला शिक्का, पाण्याला काय?

किराणा दुकानातील वजनावर सरकारी पडताळणीचा शिक्का नसेल तर दुकानदार २००९च्या कायद्याने दंडास पात्र ठरतो. ते वजन निरीक्षकाच्या वजनाशी ताडलेले असते, ते त्याहून वरच्या वजनाशी. असे चढत आपण दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतो. गुळाच्या ढेपेसाठी राज्यसंस्थेने ही अखंड साखळी उभारली. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या विंधन विहिरींत फ्लोराईड किती, हे सांगणाऱ्या आकड्यामागे अशी साखळी आहे काय, हे विचारण्याचा हक्क ते पाणी पिणाऱ्याला नाही काय?

आकडा किरकोळ नव्हे. भारतीय मानक १०५०० (२०१२) अन्वये लिटरमागे १ मिलिग्रॅम स्वीकारार्ह. दुसरा स्रोतच नसेल तर १.५. चाचणीतील अनिश्चितता ०.३ असेल, तर १.४ आणि १.६ यांत फरक तो काय राहिला? तरी एका आकड्यावर हातपंप चालू राहतो, दुसऱ्यावर बंद होतो. आणि चालू राहिलेल्या पंपावर वाढणाऱ्या मुलांचे दात आधी डागाळतात, हाडे मागाहून आखडतात. मी अर्थशास्त्राचा माणूस; पण पाण्यात ॲल्युमिनियम असेल आणि ते आधी वेगळे काढले नाही, तर रंगावरून मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत फ्लोराईड कमी दिसते, एवढे रसायनशास्त्राच्या मित्रांकडून शिकलो आहे.

२०१९ साली जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने गावोगाव पाच स्त्रियांना चाचणीसंच हाताळण्याचे शिक्षण देण्याचे ठरविले. त्यांचे काम मोलाचेच. परंतु रंगपट्टीशी डोळ्यांनी ताडून संशय तेवढा कळतो, निवाडा प्रयोगशाळेचा. आणि प्रयोगशाळेचे काम सर्वांत कमी दराच्या निविदेवर सोपविले, की पहिली कात्री लागते ती प्रमाणित संदर्भद्रव्यांना आणि अनोळखी नमुने देऊन घ्यावयाच्या परीक्षेला. या खर्चाने चाचण्यांची संख्या वाढत नाही, आणि सरकारी अहवालात मिरवते ती संख्याच! खरा आकडा व खोटा आकडा कागदावर सारखेच दिसतात. म्हणून बाजारात स्वस्त आकडा जिंकतो. हा खर्च सरकारी तिजोरीतूनच व्हावयास हवा, तो ठेकेदाराच्या नफ्यातून निघेल ही आशा भाबडी आहे.

कार्यकर्त्यांनी पुढल्या ग्रामसभेत पाण्याचा अहवाल मागवावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात: उपकरणाचे अंशशोधन केव्हा झाले, कोणत्या संदर्भद्रव्याने झाले, आणि आकड्यापुढे अनिश्चितता का लिहिलेली नाही. उत्तर लेखी घ्यावे.