बटाट्यावर आळ, मिश्रीला माफी

नारायणगावला टोमॅटोचा बाजार, मंचरला बटाट्याचा, आणि सातगाव पठारावर तर खरिपात बटाट्याशिवाय दुसरं बोलणं नाही. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत कितीतरी घरांची मुलं या दोन पिकांवर शिकली, मुलींची लग्नं या दोन पिकांवर झाली. पण त्याच घरातल्या बाईची बोटं सकाळी वळेनाशी झाली, मनगट सुजलं, वेणी घालताना हात वर जाईना, की पहिली बंदी येते ती टोमॅटो, बटाटा आणि वांग्यावर. ‘वातूळ असतं, आंबट असतं, सांधे धरतात.’ शेतात लावायचं, क्रेट भरून विकायचं, आणि आपल्या ताटात आलं की त्यालाच आरोपी करायचं.

बोलतोय ते म्हातारपणी झिजणाऱ्या गुडघ्यांबद्दल नव्हे. र्‍हुमॅटॉइड आर्थरायटिस नावाचा संधिवात वेगळा. त्यात शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांच्या बोटांचे लहान सांधे, मनगटं, पायांचे चवडे एकदमच धरतात, सकाळी तासभर हात मोकळे होत नाहीत, आणि उपचार लांबले तर बोटं वाकडी होऊन बसतात. हा तिशी ते पन्नाशीत, म्हणजे ऐन कामाच्या वयात गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पटींनी जास्त.

किती जणांना? आपल्याच पुणे जिल्ह्याचं उत्तर हाताशी आहे. इंदापूर तालुक्यातल्या भिगवण गावात १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमाखाली घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. शंभरातल्या अठरा जणांना हाडं, स्नायू किंवा सांध्यांचं काही ना काही दुखणं निघालं. त्यातला हा खरा संधिवात शंभरात अर्धा, म्हणजे दोनशेत एक. जुन्नर-आंबेगावची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच सहा लाखांवर होती. चार लाख प्रौढ धरले तरी भिगवणच्या हिशेबाने दोन हजार माणसं. यातल्या किती जणांना आपल्या रोगाचं नाव माहीत असेल?

आता टोमॅटो-बटाट्यावरचा आळ. तो नुसता आपल्या आजीबाईंचा नाही. अमेरिकेत नॉर्मन चाइल्डर्स नावाच्या गृहस्थांनी १९७० च्या दशकात हीच मोहीम चालवली: टोमॅटो, बटाटा, वांगं, मिरची हे एकाच कुळातले, आणि सांधेदुखीचं मूळ त्यांच्यातच. हे चाइल्डर्स वैद्य नव्हते, फलोत्पादनाचे प्राध्यापक होते. (फळबागवाल्याने भाजीवाल्यावर खटला भरावा, हे एकूण बाजाराच्या रीतीला धरूनच झालं.) त्यांचा पुरावा म्हणजे या भाज्या सोडलेल्या लोकांनी कळवलेले अनुभव. शेजारी तुलनेला, न सोडणारा गट नव्हता. तो पुरावा पुढेही उभा राहिला नाही. टोमॅटोच्या बाजूने एक कबुली मात्र द्यायला हवी. न्यूझीलंडच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की टोमॅटो खाण्याचा रक्तातल्या युरिक ॲसिडशी थोडा संबंध दिसतो. पण तो गाऊट, पायाचा अंगठा रात्रीत लाल करणारा. तो रोग वेगळा, त्याचं औषध वेगळं. गाऊटचा दंड र्‍हुमॅटॉइडच्या बाईने का भरावा?

खरे संशयित कोण, याची यादी गेल्या वीस वर्षांत बरीच पक्की झाली आहे, आणि तिच्या डोक्यावर धूर आहे. स्वीडनमध्ये क्लारेस्कोग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मांडलं ते असं: फुप्फुसात धूर गेला की तिथल्या प्रथिनांचं रूप बदलतं, आणि काही विशिष्ट जनुकं असलेल्या माणसाचं शरीर त्या बदललेल्या प्रथिनांना परकं समजून प्रतिद्रव्यं तयार करतं. हाच मारा पुढे सांध्यांपर्यंत पोचतो. ज्यांच्याकडे ती जनुकं आई आणि बाप दोन्हींकडून आलेली आणि वर सिगारेटही होती, त्यांच्यात प्रतिद्रव्यं असलेल्या संधिवाताचा धोका, ना जनुक ना धूर अशांच्या एकवीस पट निघाला. बांधावर बसून विडी ओढणाऱ्याला कुणी म्हणतं का, की वात आहे तर विडी सोड? त्याला बटाटा सोडायला सांगतात.

दुसरा संशयित दगडाची धूळ. खडी क्रशर, विहिरीचं खोदकाम, सुरुंगाची कामं, यांतून सिलिका फुप्फुसात जाते. १९५३ साली कॅप्लन यांनी वेल्सच्या कोळसा खाणकामगारांच्या फुप्फुसांत संधिवाताबरोबर येणाऱ्या गाठी दाखवल्या, तेव्हापासून हा धागा वैद्यकाच्या हातात आहे. धूळ आणि विडी एकाच छातीत असेल तर धोका आणखी वाढतो.

पण रोग बायकांना जास्त, आणि आपल्याकडच्या बायका बहुतेक विडी ओढत नाहीत. मग? इथे मिश्रीचं नाव घ्यावं लागतं, आणि ते जपून. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता यांच्या चमूने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुणे जिल्ह्यातल्या एक लाखावर गावकऱ्यांची तोंडं तपासली. ती पाहणी तोंडाच्या कर्करोगासाठी होती, पण तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली ही तंबाखू बायकांच्या हिरड्यांवर किती सर्रास आहे, तेही त्यात उघड दिसलं. आता न्यायाला धरून सांगायचं तर, ओठाखाली ठेवायच्या स्वीडनच्या ओल्या तंबाखूने संधिवाताचा धोका वाढलेला तिथल्या संशोधकांना दिसला नाही. तेव्हा तंबाखू थेट दोषी, असं म्हणता येणार नाही. पण हिरड्या म्हणता येतील. हिरड्या सडवणारा पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जिवाणू प्रथिनांमध्ये जवळपास तोच बदल करतो जो धूर फुप्फुसात करतो, आणि हिरड्यांचा रोग व हा संधिवात पुन्हा पुन्हा एकाच माणसात सापडतात. सकाळ-संध्याकाळ मिश्री लावून हिरड्या दातांपासून सुटलेल्या बाईच्या तोंडात कोण बघतो? तिला विचारतात ते एवढंच, काल रात्री काय खाल्लंस.

फवारणीचंही तसंच. आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या अमेरिकी राज्यांतल्या शेतकरी कुटुंबांच्या दीर्घ पाहणीत काही कीटकनाशकांचा या रोगाशी संबंध दिसला आहे. तो अजून इशाऱ्यापुरताच धरायचा. तरी आमच्या लोकांना टोमॅटोत खोट दिसते आणि टोमॅटोवर उडणाऱ्या फवाऱ्यात दिसत नाही, नाका-तोंडाला फडकंही न बांधता पंप पाठीवर घेतला जातो, हे गमतीचं म्हणावं की काय?

एका बाबतीत मात्र आज्यांना अर्धे गुण द्यावेच लागतील. ‘बाळंतपणात गार पाण्यात हात घातला म्हणून धरलं,’ असं त्या म्हणतात. गार पाणी निर्दोष, पण वेळ त्यांनी अचूक हेरली. गरोदरपणात हा रोग अनेकींचा निवळतो आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत नव्याने सुरू होण्याचं किंवा उसळण्याचं प्रमाण वाढतं. फिलिप हेंच या अमेरिकी डॉक्टरांनीही आधी काविळीत आणि मग गरोदरपणात हे दुखणं थांबतं हे पाहूनच शोध चालवला होता. त्यातून १९४८ मध्ये कॉर्टिझोनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं आणि १९५० मध्ये नोबेल आलं. आपल्याकडे त्याच निरीक्षणातून निघाली ती सुनेने पाण्यात हात का घातला याची चौकशी. घरची धुणी-भांडी तिच्याशिवाय कोण करणार होतं, हे त्या चौकशीत येत नाही.

एकसारख्या जुळ्यांपैकी एकीला हा रोग असेल तर दुसरीला तो शंभरात जेमतेम पंधरा वेळा होतो. म्हणजे रक्तातून येणारं सगळं नाही, बाहेरचं बरंच काही आहे. आणि नेमकं कोणतं, हे एकेका माणसात बहुतेकदा ठरवता येत नाही. त्यात विषाणू घोळ घालतात. १९७३ साली बार्शीत आणि २००६ साली जवळपास सगळ्या महाराष्ट्रात आलेला चिकुनगुन्या मागे महिनोन्‌महिने अशी सांधेदुखी ठेवून गेला की ती आणि र्‍हुमॅटॉइड वेगळं करायला जाणत्या डॉक्टरांनाही रक्ततपासणी आणि वेळ लागतो.

पथ्याने नुकसान काय, असं कुणी विचारेल. होतं. या रोगात बायकांना रक्त आधीच कमी असतं. टोमॅटो-बटाट्यामागून दही, ताक, डाळी, लिंबू अशी बंदी वाढत जाते, आणि ताटात भाकरी व दुधी उरतो. मग कुणीतरी ‘वाताची पुडी’ आणून देतं आणि तिसऱ्या दिवशी बोटं सुटतात. ही जादू बरेचदा आतल्या स्टेरॉइडची असते. अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत भरपूर आहेत. बाळहिरड्यासारखं चोख औषध ज्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातून बाहेर जातं, तिथे ही पुडी परत यावी! पुडीवर दोन वर्षं जातात. या रोगात पहिले तीन ते सहा महिने सोन्याचे असतात. त्या काळात मेथोट्रेक्सेटसारखी आठवड्यातून एकदाच घ्यायची, स्वस्त गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू झाली तर बहुतेकींची बोटं सरळ राहू शकतात. पण त्यासाठी नारायणगावहून पंचाहत्तर किलोमीटरवर पुण्याला जावं लागतं, आणि जायचं कशाला हे आधी कळावं लागतं.

तिशी ओलांडलेल्यांचा जो आरोग्य-फॉर्म आशाताई घरोघर भरून घेतात, त्यात तंबाखू, चुलीचं इंधन, धुळीचं काम हे प्रश्न आधीच आहेत. त्यात दोनच ओळी वाढवाव्यात: सकाळी बोटं मोकळी व्हायला तासभर लागतो का, आणि हिरड्यांतून रक्त येतं का. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं आणि दुखणं दीड महिन्याहून जुनं असलं, तर ती बाई थेट मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात रक्ततपासणीला पाठवावी, आणि जाताना तिच्या डब्यात बटाट्याची भाजी खुशाल द्यावी.