जुना म्युझिक प्लेअर आणि साठीनंतरचे कान

घरातील वडीलधाऱ्यांसाठी वापरलेला म्युझिक प्लेअर घ्यावा का, असे आपण विचारता. अवश्य घ्यावा. आयपॉडचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले, तरी जुने नग मिळतात; थरथरत्या बोटांना बटणांचा प्लेअर अधिक सोयीचा. मात्र त्याची पाठ फुगीर किंवा पडदा उचललेला दिसल्यास तो घेऊ नये. आतील लिथियम बॅटरी फुगलेली असते, ती पेट घेऊ शकते. विक्रेत्याने वापरलेले इअरफोन तर फुकटही नकोत. कानांवर बसणारे नवे हेडफोन घ्यावेत.

‘हाय-रेझोल्यूशन’ फाइलींसाठी जादा पैसे मोजणे मला व्यर्थ वाटते. सीडीच्या दर्जातच सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी सामावतो. साठीनंतरचा कान बहुधा त्याच्या बराच अलीकडे थांबतो. वयानुसार आधी उच्च स्वर मावळतात. तंबोऱ्याची जवारी मंद वाटू लागते, दोष प्लेअरला दिला जातो, आवाज चढवला जातो, आणि उरलेले श्रवणही धोक्यात येते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. आवाज वरचेवर वाढवावा लागत असेल, तर आधी कानातील मळ तपासून घ्यावा, नंतर श्रवणचाचणी करावी. प्लेअरची खरेदी तोवर थांबू शकते.