पाय बधिर होणे ही साधनेची पावती नाही!

तीन महिन्यांपूर्वी एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय 52, बँकेत नोकरी. चालताना त्यांच्या उजव्या पायाची चप्पल फरशीवर सपकन आपटत होती. "डॉक्टर, पायाचा अंगठा वर उचलताच येत नाहीये."

त्यांना दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला जायचे होते. तयारी म्हणून ते रोज पहाटे दीड तास मांडी न मोडता बसत होते. पाय रोज बधिर व्हायचा. त्यावर मित्राने सांगितले होते, "बधिर होतोय म्हणजे आसन जमतंय. सहन कर."

असा सल्ला मी वारंवार ऐकतो, आणि तो धोकादायक आहे.

बधिरपणा म्हणजे नेमके काय?

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडे खाली, हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. पाऊल वर उचलणारी नस त्याला वळसा घालून अगदी कातडीखालून जाते. घट्ट मांडी घातली की ती दाबली जाते. थोडा वेळ दाबली तर मुंग्या येतात आणि उठल्यावर जातात. रोज तासन्‌तास दाबली तर नसेला इजा होते आणि पाऊल लुळे पडते. याला आम्ही 'फूट ड्रॉप' म्हणतो. वज्रासनात तासन्‌तास बसून पायाची नस दुखावलेल्या एका तरुणाची नोंद 1971 सालीच 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आली आहे.

गुडघ्याचेही तसेच. मांडी घालताना पाय खुब्यातून बाहेर वळायला हवा. खुबा आखडलेला असेल तर तो पीळ गुडघ्यावर येतो आणि तिथली कुर्चेची गादी दुखावते.

"आपले आजोबा नाही का बसायचे?"

बसायचे ना! पण ते जेवायलाही पाटावर बसत, शौचालाही उकिडवेच बसत. त्यांच्या खुब्यांना आयुष्यभराची सवय होती. आपण ऑफिसात खुर्चीवर, गाडीत सीटवर, घरी सोफ्यावर आणि कमोडवर बसतो. मग पन्नाशीत एकदम सात दिवसांच्या गुरुचरित्राच्या पारायणाला किंवा ध्यान शिबिराला जमिनीवर बसतो. शरीराने तक्रार केली की श्रद्धा कमी पडली असे म्हणतो!

"पण सहन करणे हीच तर साधना!"

या म्हणण्यात तथ्य आहे. खाज, चुळबुळ, कंटाळा, हलके ठणकणे याकडे शांतपणे पाहायला शिकणे हा ध्यानाचा भागच आहे. दर दोन मिनिटांनी हलणाऱ्याचे मन स्थिर होणार नाही. पण पतंजलींनीही आसनाकडून स्थिरतेबरोबर सुखाचीच अपेक्षा ठेवली आहे. आणि दाबलेल्या नसेला तुमचा निश्चय समजत नाही.

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात रोज साधारण दहा तास ध्यान असते आणि त्या काळात योगासने बंद ठेवायला सांगतात. म्हणजे शरीराची तयारी आधी घरीच करायला हवी. ज्यांना गरज आहे त्यांना तिथे खुर्चीही मिळते. ती मागण्यात कसला कमीपणा?

तयारी कशी करावी?

निदान सहा आठवडे आधी सुरुवात करा. रोज 20 मिनिटे पुरतात.

- मार्जारासन: पाठीचा कणा मोकळा होतो. श्वासाच्या लयीत 8–10 वेळा.
- बद्धकोनासन (तितली): खुब्यांसाठी. गुडघे हाताने खाली दाबू नका.
- पवनमुक्तासन: एकेक पाय आळीपाळीने. कंबर सैल होते.
- सेतुबंधासन आणि भुजंगासन: ताठ बसायला पाठीचे स्नायू लागतात, ते यांनी बळकट होतात.
- उताणे झोपून, तळपायाला ओढणी अडकवून एक पाय सरळ वर: मांडीमागचे स्नायू सैल होतात.

कुठलेही आसन दुखेपर्यंत ताणू नका. बैठक 15 मिनिटांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवा. बुडाखाली चार ते सहा इंच जाड घट्ट उशी घ्या. गुडघे खुब्यापेक्षा खाली आले की कंबर आपोआप ताठ राहते. गुडघे अधांतरी राहत असतील तर त्यांखाली घडी केलेली चादर ठेवा. उठल्यावर घोटे फिरवा आणि पाच मिनिटे चाला.

कधी थांबावे?

उठल्यावर 10–15 मिनिटांतही बधिरपणा गेला नाही, पाऊल उचलता येईना, सांध्यात सुरी खुपसल्यासारखे दुखले तर ती बैठक बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. सोबत धाप लागली तर थेट रुग्णालय गाठा.

मधुमेहींच्या नसा आधीच नाजूक असतात आणि त्यांना दाब जाणवतही नाही. त्यांनी, तसेच गुडघा बदललेल्यांनी आणि गर्भवतींनी, आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. शिबिरातही औषधे चुकवू नयेत.

त्या गृहस्थांचे पाऊल आता पूर्ववत आले आहे. वेळेवर आले म्हणून. शिबिराला ते जाणार आहेतच, पण खुर्चीवर बसून. तुम्हीही जरूर ध्यान करा. मात्र मन शांत करायला बसताना पायाचा बळी देऊ नका.