मुका विक्रेता

परदेशातल्या अनोळखी वाइनना गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून आपल्या लोकांना चवच नाही, असा व्यापाऱ्यांचा कांगावा आहे. मी वाइन घेत नाही. तरी हा आरोप मला मान्य नाही. आमच्या खंडाळ्यातली गृहिणी बेदाणासुद्धा "तासगावचा का?" असे विचारून घेते. वाइनच्या दुकानात मात्र उत्तर एकच : "इम्पोर्टेड आहे!" पोर्तुगालच्या मिन्यो भागातली 'विन्यो व्हेर्द' म्हणजे शब्दशः हिरवी वाइन, पण हे हिरवेपण रंगाचे नव्हे, कोवळेपणाचे, हे सांगतो कोण? २०२२ च्या करारान्वये किमान पाच डॉलरांच्या ऑस्ट्रेलियन बाटलीवरील जकात १५० टक्क्यांवरून १०० वर आली. जकात सरकार उतरवील; विश्वास कोण मिळवणार? मी शाळामास्तर. वर्गाला धडा कळला नाही, तर दोष आधी मास्तरांचा!