कारवी आणि करवत मासा

२०१६ नंतर २०२४ च्या पावसाळ्यात मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी फुलली. वृत्तपत्रांनी जांभळ्या उतारांची छायाचित्रे छापली. शहरवासीयांची रीघ लागली. एकदा फुलली की कारवी मरते, परंतु मरताना डोंगरभर बी टाकून जाते. पालघरच्या वारली बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या तिच्याच काठ्यांचे कूड उभारून त्यांवर शेणमाती लिंपली, तरी कारवी संपली नाही.

त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, दांडीसमोरच्या अरबी समुद्रात, गोष्ट निराळी आहे. मुशी-पाकटांच्या कुळातला करवत मासा उथळ, चिखलाळ तळाशी वावरतो. त्यालाही घाई नाही. वयात यायला वर्षे लागतात, पिल्ले होतात ती मोजकीच. दातेरी सोंडेमुळे तो कोणत्याही जाळ्यात सहज अडकतो. बोंबील-करंदीला जून-जुलैची मासेमारीबंदी उपयोगी पडते. याचे एकदा झालेले नुकसान दोन महिन्यांत भरून निघत नाही. आणि त्याला पाहायला कोणी मोटारी घेऊन येत नाही!

शासनाने २००१ च्या जुलैत साऱ्याच मुशी-पाकटांवर बंदी घातली. मच्छिमारांना विचारले नव्हते. किनाऱ्यावर असंतोष उसळताच डिसेंबरात यादी दहा जातींवर आली. करवत मासा तीत राहिला, हे योग्यच झाले. त्याची शिकार करणाऱ्यास तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आहे. पण समुद्राचा तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरमागच्या भांडवलाला हा कायदा कधी गाठतो काय? तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी नवापूर-दांडीच्या खाडीत व समुद्रात गेले, तेव्हा मांगेला समाजाच्या परिषदेलाच राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठवावे लागले. २०२२ साली भरपाईचा आदेश झाला. उत्तरेला वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ च्या ऑगस्टमध्ये उरकलीसुद्धा. मासा वाचवण्याचा भार मात्र होडीवाल्याने वाहायचा!

एक गोष्ट शासनाने बरी केली. संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छिमारास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना २०१८ पासून राज्यात आहे. तीत मच्छिमाराला गुन्हेगार नव्हे, रक्षक मानले आहे. ही योजना किती होड्यांपर्यंत पोचली, भरपाई हाती पडायला किती महिने लागतात, याची चौकशी आपल्या किनारपट्टीवरील शाखांनी बंदीच्या काळात, होड्या किनाऱ्याला असताना, घरोघर जाऊन करावी. अर्जही तिथेच लिहून द्यावेत.